दरोग्यानं धरलेलं फडकं

आमचा कुत्रा दरोगा मानोरा गावात बसून लांबच्या केनवडच्या बाजारातली सडकी मेथी हुंगतो, असं मी म्हणालो की अख्खा तांडा हसतो. हसू द्या. पण टीबीचं तसं नव्हतं. दवाखान्याच्या माणसांनी रोग्यांची फडकी हुंगवून या कुत्र्याला तीन महिने शिकवलं होतं. ज्या फडक्यात रोग, त्यापुढे तो बसायचा. सांभाळायला माझ्याकडे होता.

ऊसतोडीला निघायच्या आधी सगळ्यांनी दिवसभर तोंडाला बांधलेली फडकी आपापल्या नावाच्या डब्यात टाकली. दरोगा फिरला आणि मंजूच्या डब्यापुढे बसला.

तोडीला नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम वीरेंद्र मंजूच्या नवऱ्याला म्हणाला, "राजपाल, अर्दा कोयता मी नेत नाही."

"काहून अर्दा? मी हावो ना!" राजपालची आई ललिताबाई म्हणाली, आणि सुनेच्या जागी ट्रकमध्ये चढली.

आठ दिवसांनी दवाखान्यातून मंजूच्या थुंकीचा रिपोर्ट आला. साफ.

"सेवादासकाका, तुमचं कुत्रं बी गप्पा मारून राह्यलं!" तांडा मला हसला.

मंजू तेवढी हसली नाही. हळूच म्हणाली, "काका, ते फडकं माह्यं नव्हतं. मी सोयाबीनच्या भुशानं खोकलत होती. सासूले वाटलं, कुत्रं मले धरते अन् कोयता तुटते. तिनं सोताचं फडकं माह्या डब्यात टाकलं, माह्यं तिच्या, अन् कोनाले सांगू नको म्हनली."

मी राजपालला फोन लावला.

"मायले घेऊन परत ये. रोग तिले हाय."

"काका, आणखीन एक गप काय?"

"बह्याडा, मायले इचार!"

पलीकडे ललिताबाई खोकली. मग ठणकावून म्हणाली, "म्या कोनाचंच फडकं बदललं नाही. तो बुढा जनमाचा लबाड हाय."

टोळीत टीबीचं नाव निघालं की बाईची चूल वेगळी होते, हे तिला ठाऊक होतं. पन्नास वर्षं गप्पा मारल्या मी. तिची एकच थाप सगळ्यांना खरी वाटली. मंजूनं फोन केला, तर राजपाल म्हणाला, "तुले त्या बुढ्यानं पढवलं."

होळीच्या आधी ट्रक आला. राजपाल एकटाच उतरला, काखेत दोन कोयते. डोकं भादरलेलं.

दरोगा हुंगत त्याच्याकडे गेला आणि पायापुढे बसला. राजपालनं लाथ उगारली. मंजूनं त्याचा हात धरला आणि बोचकं त्याच्या खांद्यावर असतानाच त्याला दवाखान्याच्या रस्त्याला ओढलं.