आवडाबाईची समई

मी एक समई. उंचीनं वीतभर, अंगानं पितळी. सिटी चौकामागं कमरोद्दीननं मला ओतलं, कानशीनं घासून लख्ख केलं. पोलिस ॲक्शननंतर शहर जरा निवांत झालं, तेव्हा आवडाबाई मला पदराखाली धरून भावसिंगपुऱ्यातल्या घरी घेऊन आली.

कोनाड्यात तिची देवी होती. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली, बोटाएवढी. दिवेलागणीला आवडाबाई मला लावायची आणि देवीला दिवसभराचं गाऱ्हाणं सांगायची. मीही ऐकायचे.

मग तिचा लेक बन्सी नागपूरहून बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आला. त्याचा चेहरा असा उजळला होता, की माझी ज्योत मला फिकी वाटली. गल्लीतली माणसं घरचे देव खाम नदीत सोडत होती. ज्यांच्या देवळाची पायरी या माणसांना कधी कुणी चढू दिली नाही, ते देव घरात कशाला? बन्सीनं देवीला आणि मला फडक्यात बांधलं.

"ठिव खाली," आवडाबाई म्हणाली.

"आई, समद्यांनी सोडले. आपलंच घर मागं ऱ्हायलं."

"दीक्षेवरनं गिरणीतल्या मुकादमानं तुला झापलं, तवा तू काय म्हनला व्हता?"

बन्सी फडक्याची गाठ आवळत राहिला.

"माझ्या मनावर दुसऱ्याचा हुकूम चालनार नाय, असंच ना? मंग माझ्या मनावर तुझा कसा चालंल, रं?"

बन्सीनं गाठ सोडली.

समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली. लेकाला बरं वाटावं म्हणून आवडाबाईनं दुसऱ्याच दिवशी तिला ठसठशीत कुंकू लावलं, पुढं गुळाचा खडा ठेवला.

"आई! बुद्धाला कुंकू लावत नसत्यात. ते देव नाहीत."

"मंग उपाशी ठिवू का त्यास्नी?"

बन्सी हसत हसत खालीच बसला. त्यानं तसबीर पुसली आणि गूळ स्वतः खाल्ला. त्यानंतर त्या घरात देवावरून कुणी कुणाला टोकलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, वैशाखी पौर्णिमेला, बन्सी वंदना म्हणत होता. आवडाबाई गुडघे धरत उठली. तिनं मला उचललं, तसबिरीपुढं ठेवून लावलं. कुंकवाचा करंडा मात्र आणला नाही.

"सरक जरा," म्हणत ती लेकाशेजारी बसली.

"आणि देवी गं?" बन्सीनं हळूच विचारलं.

"ती हाय तिथं हाय. तू म्हन पुढं."

आता आवडाबाई नाही. मी तिच्या नातीकडं, मुकुंदवाडीला असते. बहुतेक वेळा फळीवर. वीज गेली की माझी आठवण होते. माझी तक्रार नाही. मला कुणापुढं लावायचं, लावायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त फडक्यात बांधण्याआधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा.