मंगळवारची झुरळे

मंगळवारी कापलेल्या झुरळाच्या लाळग्रंथीवर सेरोटोनिनचा, म्हणजे मज्जातंतू सोडतात त्या रसायनाचा, थेंब टाकला, की मज्जातंतूला दिलेल्या विजेच्या टिचकीला ग्रंथीतली पेशी दुप्पट जोराने उत्तर देई. इतर पाच दिवस तोच थेंब पडे आणि पेशी ढिम्म राही.

या एका वाराने भिवंडीच्या कॉलेजातल्या प्राध्यापिका रुकय्या यांची संशोधनाची दोन वर्षे अडवून धरली होती. प्रथम त्यांनी शेजारच्या यंत्रमागांच्या हादऱ्यांना दोष दिला. पण शुक्रवारी माग बंद असूनही थेंब वायाच जाई. मग विजेचा दाब तपासला, औषधाची बाटली बदलली. मुंबईहून मार्गदर्शकांचे पत्र आले : मार्चअखेर कारण द्या, नाहीतर विषय बदला.

शनिवारी ग्रंथी सोडवताना कात्री घसरली आणि शेजारची अन्नपिशवी फाटली. एरवी ती न पाहताच फेकली जाई. आतून तांबूस लगदा आला. रुकय्यांनी तो सुईने पसरला. नाचणी.

हे झुरळ दोन दिवसांचे उपाशी असायला हवे होते.

“ठमाबाई, झुरळांच्या डब्यात कोणी काही टाकतं का?”

प्रयोगशाळेच्या सेविका ठमाबाई बशा धूत होत्या. “मीच टाकते की. सकाळी भाकरीचा तुकडा. आमच्यात उपाशी जीव कापत न्हाय. कोंबडीला पन आदी दाने घालतात.”

“डब्यावर पाटी आहे. खाणे देऊ नये.”

“ती पोरांसाठी हाय ना? वडापाव टाकतात मेली. मी घरची भाकरी टाकते.”

रुकय्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

“आणि मंगळवारी?”

“मंगळवारी उपास हाय माझा, वज्रेश्वरीचा. डबाच आनत न्हाय.”

रुकय्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“सोमवारी झुरळांचे दोन डबे करू. एकात भाकरी टाका. दुसऱ्यात नको.”

“मंग दुसऱ्यातल्यांनी काय पाप केलं?”

रुकय्यांनी वही ओढली. मागच्या प्रत्येक पानावर त्यांच्याच अक्षरात ‘उपाशी’ लिहिलेले होते. मंगळवारची पाने सोडून बाकी सगळीकडे तो शब्द त्यांनी एकेक करून खोडला. मग नव्या पानावर लिहिले :

‘मंगळवारखेरीज इतर दिवशी झुरळे जेवलेली होती. खाताना त्यांच्या मज्जातंतूंनी स्वतःचे सेरोटोनिन ग्रंथीवर आधीच सोडले असणार. माझ्या थेंबाला करण्यासारखे काही उरले नव्हते. कारण : नाचणीची भाकरी.’