डाग खल्लास

आमची आत्या घरीच कपड्यांचा साबण बनवते. त्याचं नाव ‘निर्मल वस्त्रशुद्धी’. यंदा लेबलं संपली, म्हणून निम्म्या वड्यांवर मीच लिहून टाकलं, ‘डाग खल्लास’.

आत्या भडकली. “साबण आहे की गुंड?”

बाजारात मात्र खल्लासवर उड्या पडल्या. एका बाईंनी तर वास घेऊन सांगितलं, “हा कडक आहे. तो निर्मल जरा मिळमिळीत वाटतो.”

“अहो, दोन्ही एकाच पातेल्यातले! मीच ढवळलेत!” आत्या ओरडली.

“असतील. पण हाच द्या.”

संध्याकाळी आत्या चहा सांडलेली चादर घेऊन आली. समोर टोपलीभर निर्मल उरला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “एखादी खल्लास राहिली का गं? डाग जरा चिवट आहे.”