नर रेडीचा की शिरोड्याचा

सिराज चाचांचं घर शिरोड्याच्या पुळणीला लागून. चार खोल्या पर्यटकांना, दोन घरच्यांना, आणि मोठेपणा घरभर. पाहुणा येणार म्हटलं की त्यांच्या अंगात येतं.

त्यांची पुतणी नाझमीन बरोबर उलट. ती संशोधनासाठी वर्षभर घाणीतच बसून होती. भरतीनं फेकलेलं शेवाळ पुळणीवर ओळीनं कुजत पडतं. त्याच्याखाली कोळंबीच्या कुळातले, तांदळाच्या दाण्याएवढे जीव उड्या मारतात. गावानं त्यांना आजवर नाव दिलं नव्हतं. पायावर चढले की शिवी तेवढी दिली होती. नाझमीनला मात्र ते कुठल्याच पुस्तकात सापडेनात.

नवी जात म्हणजे घरात आणखी एक मूल. नवी प्रजाती, म्हणजे जातींचं अख्खं घराणं, म्हणजे आडनावच नवं; नाझमीनला हेच वाटत होतं. एवढा मोठा दावा करायचा तर वयात आलेला नर हवा, कारण ह्या जिवांची ओळख पटते ती नराच्या पुढच्या नांगीवरून. नाझमीनकडे माद्या होत्या, पिल्लं होती. नर नव्हता. हंगाम संपत आला होता आणि लेख महिन्याभरात पाठवायचा होता. शोधायला हातभार म्हणून तिच्या मार्गदर्शक विनीताबाई सावंतवाडीहून येणार होत्या.

"चाचा, उद्या बाई आपली पुळण बघूक येतत," एवढंच ती बोलली. तेवढं पुरलं.

सकाळी पुळणीवर शेवाळाचा एक धागा नाही. पाण्याकडे जाणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंनी चुन्याची फक्की.

"चाचा, ह्या काय केलात?"

"बाईंक कुजका शेवाळ दाखवतलंस? माझ्या दारात?"

"तेंका ताच व्हया होता! टाकलात खंय?"

"खड्डो मारून पुरलंय."

नाझमीन बाईंना आणायला सावंतवाडीला गेली. भांडली असती तर चाचांना सोपं गेलं असतं. पाहुण्यापुढे उणं पडायची त्यांना सवय नाही. दुपारी ती बाईंना घेऊन परतली, तर पुळणीवर शेवाळाची ओळ हजर. आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा सरळ.

"उकरून परत पसरलंय," चाचा म्हणाले. नाझमीननं विश्वास ठेवला, कारण तिला ठेवायचा होता.

नर आधी बाईंना दिसला. त्यांनी भिंगाखाली धरला. नांगी अंगाच्या मानानं केवढी तरी मोठी, आणि आतल्या कडेला एक दात, जो कुठल्याच माहितीतल्या प्रजातीला नसतो.

"नाझमीन, हा बघ तुझा नर."

नाझमीननं तो बाटलीत घातला. चाचा चहा घेऊन आले. बाईंनी कौतुक केलं, की शेवाळ किती भरपूर आहे इथं. आता चाचांना राहवेना. केलेली खातिरदारी पाहुण्याला कळली नाही तर ती केल्यासारखी त्यांना वाटतच नाही.

"भरपूर आसतलाच! टेम्पो धाडलंय सकाळी. थोडा मोचेमाडचा, थोडा आरवलीचा. रेडीचा तर मी स्वतः निवडून आणलंय."

बाईंनी कप खाली ठेवला. नाझमीन बाटलीतल्या नराकडे बघत राहिली. माद्या शिरोड्याच्या. हा कुठला?

"शिरोडा लिव," चाचा समजुतीनं म्हणाले. "टेम्पो बघूक कोण येतलो?"

"नर एका गावचो, मादी दुसऱ्या गावची. दोघां एकाच घराण्यातली ह्या कशावरून?"

"तुझी आई रेडीची, बापूस शिरोड्याचो. मग तू खंयच्या घराण्याची गो?"

बाईंना हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही. लेखावर पहिलं नाव तुझं आहे."

नाझमीननं पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली, "नर, एक. ठिकाण माहीत नाही," आणि ती बाटलीत सोडली. बाटली माद्यांपासून वेगळ्या पिशवीत ठेवली. लेख ह्या वर्षी जाणार नाही, हे बाईंना कळलं. चाचांना कळायला वेळ लागला.

"पुढल्या हंगामात मेळतलो," ते म्हणाले. "आता मी काडी उचलूचंय नाय. व्हयी तितकी घाण ठेव."

"तुमची पुळण आता माझ्या कामाची नाय, चाचा. तीन गावचे किडे मिसळले तिच्यात. मी खडकांच्या पलीकडे बसतलंय."

पलीकडे सत्यवान. त्याच्याही दोन खोल्या पर्यटकांना. शेवाळ उचलत नाही म्हणून चाचा त्याला दर महिन्याला चारचौघांत दम देत आले होते.

"म्हणजे नर मेळतलो तो सत्यवानाच्या दारात?"

"मेळलो तर."

"आणि छापून येतला ता?"

"ठिकाण लिवचाच लागता."

वर्ष वाया गेलं तेव्हा चाचा इतके खचले नव्हते. त्यांनी बाईंचा कप उचलला, चहा निवला होता तो वाळूत ओतला, आणि दुसरा करायला घरात गेले.