खल आणि बुडालेली चिमूट

मित्रांनो, मी औषधं घोटायचा एक जुना खल आहे. काळ्या दगडाचा, होडीच्या आकाराचा. पाथरवटानं महिनाभर खपून मला घडवलं, तेव्हा मी अगदी गुळगुळीत होतो. आता माझ्या पोटात खळगा पडलाय. पण तो मी कामानं कमावलाय, उगाच कीव करू नका.

निजामाच्या राज्यात औंढ्याला खाजा मिया नावाचे हकीम होते. माझं सारं आयुष्य त्यांच्या दुकानात गेलं. ते लोखंडाचा कीस लाल होईस्तोवर तापवून ताकात विझवत, गोवऱ्यांत भाजत, आणि मग तो माझ्या पोटात पडे. कोरफडीच्या रसात सात दिवस घोटला की त्याचं भस्म तयार होई. सदा थकलेल्या, रक्त कमी असलेल्या माणसांना हकीमसाहेब ते चिमूटभर मधातून देत. त्यांचा एक हट्ट मात्र होता. ज्या घरचं दुखणं, त्या घरच्या माणसानंच सातही दिवस बसून घोटायचं. लोक कुरकुरत, पण हकीमसाहेब कुणाला सूट देत नसत.

१९३७ साली संतराम आला. सिद्धेश्वरकडचा शेतकरी, धिप्पाड गडी. त्याची बायको द्वारकाबाई तीन वर्षं अंगदुखीनं बेजार होती. रात्रभर झोपूनही सकाळी थकलेलीच उठायची.

"ढोंग हाय जी," संतराम म्हणाला. "ताप न्हाई, सूज न्हाई. माय म्हणती, आठ दिसांत कामाला लागली न्हाई तं माहेरी धाडून दे, दुसरी बायको करू."

"मग इथं काहून आलास?"

"धाडायला जीव होत न्हाई," तो खाली बघत म्हणाला.

हकीमसाहेबांनी त्याच्या हातात बत्ता दिला. चार दिवस त्यानं मन लावून घोटलं. पाचव्या दिवशी त्याच्याच गावचा हिरासिंग दारावरून जाताना हसला, "काय रे, बायकोसाठी वाटण वाटून राहिला का?" संतरामचा चेहरा पडला. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस हकीमसाहेब नमाजाला गेले, की तो बत्ता बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसायचा. मला सारं दिसत होतं. चडफडलो मी, पण दगड बोलणार काय!

सातव्या दिवशी हकीमसाहेबांनी वाटीभर पाण्यावर चिमूटभर भस्म सोडलं. नीट घोटलेलं भस्म पाण्यावर तरंगतं. हे मात्र सरळ तळाला गेलं.

"तीन दिस घोटलं न्हाईस," ते शांतपणे म्हणाले.

संतरामनं आधी नाही म्हणून मान हलवली, मग कबूल केलं. "लोक हसले म्हणून थांबलो. आन् खांदे बी भरून आले जी. झोपून बी थकवा जाईना. हात उचलत न्हाई, खरं सांगतो."

"वरून तर काही दिसत न्हाई. सूज न्हाई, ताप न्हाई." हकीमसाहेबांनी त्याचा खांदा चाचपला. "ढोंग तर करत न्हाईस ना?"

आपलाच शब्द संतरामला ओळखू आला. त्याचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, माझाही त्याच्यावरचा राग तिथंच ओसरला. त्यानं पुन्हा बत्ता उचलला. दाराशी कोण उभं आहे ते न बघता आणखी तीन दिवस घोटलं. त्या वेळी चिमूट तरंगली. आईची मुदत तोवर टळून गेली होती, पण बायकोला माहेरी धाडायला त्यानं बैलगाडी जुंपली नाही.

चार महिन्यांनी द्वारकाबाई स्वतः दुकानात आली.

"तकलीफ गेली?" हकीमसाहेबांनी विचारलं.

"पुरती न्हाई जी. कदी बरी ऱ्हाते, कदी पडूनच ऱ्हाते. पर आता मी उठले न्हाई तं हेच चूल पेटवत्यात. सासूबाई बोलल्या तं म्हणत्यात, तिला खरंच दुखतंय, माय." एवढं बोलून ती पदराआड रडली.

पुढं बाजारात गोळ्यांच्या बाटल्या आल्या. १९४८ च्या उन्हाळ्यात हकीमसाहेब गेले. आता त्यांची लेक हलीमा मला कोनाड्यात ठेवते. माझ्यावर धूळ असते. ती झटकली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण घरात कुणी "अंग दुखतं" म्हणालं, तर औषध मागाहून घोटा. आधी त्याचं खरं माना.