जानरावांच्या वाट्याचा शिरा

माझा आवाज मोठा आणि राग नाकावर. नर्सच्या नोकरीत त्याचा बराच उपयोग होतो, पण जानरावांच्या पाहुण्यांपुढे माझं काही चालेना.

जानराव मोताळ्याकडचे. त्यांच्या घराण्यातच मेंदूचा एक दुर्मिळ आजार आहे. आधी चाल बिघडते, मग हात थरथरतात, मग घास गिळताना ठसका लागतो. ते घरात पडले, मांडीचं हाड मोडलं, म्हणून बुलढाण्याला आमच्याकडे दाखल झाले. त्यांचे वडील आणि थोरली बहीण असेच कशाकशासाठी दवाखान्यात गेले, तिथेच फुफ्फुसात संसर्ग झाला आणि परत आलेच नाहीत. म्हणून त्यांच्या बायकोने, तानाबाईने, आल्या आल्या मला विचारलं, "सिस्टर, हे घरी येतीन ना?"

आमच्या डॉक्टर निशिगंधांचं संशोधन नेमकं त्यावरच चाललं होतं. अशा रुग्णांना दवाखान्यात न्यूमोनिया का होतो आणि तो टाळता येईल का? नवरा-बायको दोघंही त्यात यायला तयार झाले. नियम साधे होते. दात नीट घासायचे, ताठ बसवून घट्टसर जेवण द्यायचं, आणि भरवायचं फक्त मी किंवा तानाबाईने. अशा रुग्णाला निजल्या निजल्या पातळ काही पाजलं, तर ते श्वासनळीत उतरतं.

पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि आपल्या हातचं काहीतरी त्याच्या पोटात गेल्याशिवाय भेटल्यासारखं वाटत नाही. मी ओरडले, पाटी लावली. पाहुणे पाटी वाचायचे आणि तिच्याखालीच डबा उघडायचे. एकदा माझी पाठ वळताच चुलतभाऊ शालिग्रामने नारळपाणी पाजलं. जानराव ठसक्याने काळेनिळे पडले. ताप चढतो की काय, या धास्तीने मला आणि तानाबाईला अन्न गोड लागेना. नशीब, ताप आला नाही.

पुढच्या खेपेला शालिग्राम शिरा घेऊन हजर! मी तोंड सोडणार, एवढ्यात तानाबाई नवऱ्याच्या पुढ्यात स्टूल टाकून बसली.

"याइच्या वाट्याचं मले द्या," ती म्हणाली. "मी का परकी हाय?"

शालिग्रामने डबा तिच्या हातात दिला. तिने चाटूनपुसून खाल्ला, आणि तो समाधानाने घरी गेला. मग प्रत्येक पाहुण्याचं तेच. तानाबाईच्या ब्लाउजची शिवण उसवावी लागली. डॉक्टर पोट धरून हसल्या, आणि संशोधनातल्या सगळ्या कुटुंबांना सांगू लागल्या की आधी एक खाणारा माणूस नेमा.

हाड जुळत आलं. छाती स्वच्छ राहिली. मूळ आजार जाणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पण जानराव घरी निघाले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी कोणावरच ओरडले नाही.

खाली जीप उभी होती. निघण्याआधी तानाबाईने त्यांना खुर्चीत ताठ बसवून घट्ट पिठल्याची वाटी पुढे केली. त्यांनी चमचा स्वतःच्या हातात घेतला आणि थरथरत तिच्या तोंडापाशी नेला. अर्धं पिठलं तिच्या पदरावर सांडलं.

"इतके दिस माह्यासाठी खाल्लं," ते अडखळत म्हणाले. "हा घास तुह्यासाठी."