मास्तरांचा ट्रम्पेट रडतो

मोनालीने बापाचा ट्रम्पेट दुरुस्त केला. पण हे झालंच नाही असं धरून चाला. वरोऱ्याजवळच्या त्या वस्तीत आजही तसंच धरतात.

वस्तीत तेव्हा तीर्थासाठी रांग लागली होती. बँडवाले दसरू मास्तर वारले आणि त्यांचा ट्रम्पेट रडायला लागला. पहाटेच्या थंडीत बँडमधला बिरजू त्यावर आरती वाजवायचा, की थोड्या वेळाने नळीतून टपटप थेंब. वस्तीतले बुवा मोतीमहाराज खाली तांब्या धरायचे. "मास्तरचे आसू हायेत. गुडघे, मूळव्याध, सासू, सगळ्याले लागू." पहिला घोट मास्तरांची बायको नीलाबाई घ्यायची.

मोनालीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, जीव भलतीकडेच टांगलेला. रविवारी बँडला लग्नाची सुपारी होती आणि ट्रम्पेटचा सूर मधेच फुसकन सुटायचा. कारागिराकडे न्यायची ऐपत नव्हती. घरीच हात लावते म्हटलं, तर महाराज सांगायचे, मास्तर कोपतील. जिवंतपणी मास्तर दुरुस्ती केली नाही म्हणून कोपायचे.

शेवटी ती सायकलचा पंप घेऊन रांगेत शिरली. ट्रम्पेटच्या तोंडाला चिंधीने पंप बांधला आणि दंड भरून येईपर्यंत हवा मारली. एक थेंब नाही. महाराज म्हणाले, पंपात भक्ती नाई. मग तिने महाराजांनाच फुंकायला बसवलं. सूर काही निघेना, गाल मात्र फुगले, आणि हळूहळू थेंब पडले.

"हे पाह्य माय," मोनाली आईला म्हणाली, "तोंडातली गरम वाफ थंड पितळेले लागली का पाणी होते. त्यात थोडी थुंकीबी. ते काढाले इथी भोक असते, त्याचं बूच पडलं हाय. माहा बाप रडत नाई, बिरजूभाऊ गळून राह्यला."

बिरजूला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण जन्मात पहिल्यांदा कोणी त्याच्या पाया पडत होतं.

नीलाबाईने पदराने ओठ पुसले. बराच वेळ पुसले. मग बिरजूला म्हणाली, "चप्पल काढ."

सगळ्यांना वाटलं, आता हाणते. तिने त्याच्या रबरी चपलेच्या टाचेचा तुकडा विळीवर कापला आणि लेकीच्या हातात दिला. "लाव बूच."

रविवारी ट्रम्पेट खणखणीत वाजला. सोमवारी मोतीमहाराजांनी "मास्तरचे आसू हिनंच पुसले" म्हणत बिरजूची उरलेली चप्पल पाटावर मांडली. रांग तीच.

सबब, तीर्थ पिण्याआधी ते कुठल्या भोकातून येतं एवढं विचारण्याची परवानगी सर्व भाविकांनी स्वतःला तत्काळ मंजूर करावी, ही नम्र विनंती.